पाच गेम, दोन टीव्ही आणि उलटा लावलेला डबा

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरला रामबागेत आत्याकडे फराळाला गेलो. चिवड्याची बशी हातात यायच्या आधी आत्तेभावाने, म्हणजे दादाने, बॅटरी हातात दिली. "टीव्हीच्या मागे बघ जरा."

चाळीस इंची एलईडी. कडेला एव्हीच्या पिना लावायची पाच भोकं, त्यातलं हिरवं नुसत्या बोटाने डगमगत होतं. आतल्या पाटीवरून टाका सुटायला आलेला. सहा महिने दिवसातून चार वेळा पिना काढायच्या आणि घालायच्या, म्हणजे हेच होणार.

हे काम दादाच्या मुलाचं, वय वर्षं बारा. सुट्टीत माळ्यावर दादाचा नव्वदीतला कॅसेटवाला गेम सापडला (निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल, आपल्याकडे घरोघर होती ती), आणि तिथून वेड लागलं. मग नातेवाइकांकडे धूळ खात पडलेलं एकेक घरी यायला लागलं. दुबईहून कधीकाळी आलेला सेगा मेगा ड्राइव्ह २, पहिला प्लेस्टेशन, प्लेस्टेशन २, आणि अमेरिकेतल्या बहिणीने घर बदलताना देऊन टाकलेला निन्टेंडो वी. पाच मशीन, आणि पिना लावायची जागा एक.

मी वडिलांच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात वाढलो आणि आता सीसीटीव्ही लावतो. त्यामुळे घरात वायरीचं काही असलं की सगळे माझ्याकडे बघतात. दादाचं म्हणणं साधं होतं: "एक असा डबा दे की पाचही त्यात लागतील. बटण दाबलं की झालं."

एवढ्यावर थांबलं असतं तर तासाभराचं काम होतं. पण त्या घरात चार माणसं आणि चार अटी. आत्याची अट, सेट-टॉप बॉक्सला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही तिचा. वहिनीची अट, कोपऱ्यातला एकवीस इंची डबा टीव्ही आता भंगारवाल्याला जाणार म्हणजे जाणार. पुतण्याची अट, कॅसेटवाल्या गेमची बदकं मारायची बंदूक चालली पाहिजे. दादाची अट, तीन हजारांच्या आत.

वहिनी आणि पुतण्या एकाच टीव्हीवरून भांडताहेत हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि त्याच क्षणी बंदुकीच्या नळीला उजेड दिसला तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर सिग्नल आला की लगेच तिथे उजेड पडतो. एलईडी आधी चित्र साठवतो, त्यावर काहीबाही संस्कार करतो आणि मग दाखवतो. तोवर गेमने निकाल देऊन टाकलेला असतो. म्हणजे बंदूक हवी तर डबा टीव्ही हवा. कोणताही स्विच बॉक्स घेतला तरी यात बदल होत नाही. वहिनीला हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त करंज्यांचा डबा बंद केला.

आधी घेतलेला डबा

दादाने माझ्या आधी एक प्रयत्न करून ठेवला होता. जेल रोडवरच्या एका दुकानातून तीन एव्ही इनपुट आणि एक एचडीएमआय आउटपुट असलेला डबा आणला होता. दुकानदाराचं आश्वासन, "भिया, सब चल जाएगा इसमें." चाललं सगळंच. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

पण खेळवत नव्हतं. मेगा ड्राइव्हवर पुतण्या उडी मारायचा आणि दर तिसऱ्या खड्ड्यात पडायचा. एका गेममध्ये मार लागलेला शिपाई लुकलुकायला हवा, तो कंगव्याच्या दातांसारखा चिरलेला उभा राहायचा. सावल्यांचंही तेच.

कारण जुनं आहे. टीव्हीचं प्रसारण एक चित्र दोन हप्त्यांत पाठवायचं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. आपल्या पाल पद्धतीत ६२५ ओळी आणि सेकंदाला असे ५० हप्ते. जुन्या गेमनी ही भानगड टाळली. ते दर हप्त्याला त्याच ओळींवर नवं, पूर्ण चित्र काढतात. जपान-अमेरिकेच्या ६० हर्ट्झवाल्या मशीनमध्ये अशा २४० ओळी, म्हणून त्याला २४०पी म्हणतात. पाल मशीनमध्ये २८८. पिक्चर ट्यूब येईल ते रंगवते, तिला फरक पडत नाही. स्वस्तातला कन्व्हर्टर मात्र समजतो की हे अर्धंच चित्र आलं, पुढच्या अर्ध्यासाठी थांबतो, आणि दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणून टाकतो. एका फ्रेमला दिसणारा आणि पुढच्या फ्रेमला गायब होणारा शिपाई त्या विणीत चिरला जातो. वर या थांबण्यालाही वेळ लागतो. पालमध्ये एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. डबा आणि टीव्ही मिळून तीन फ्रेम थांबले की उडी गेलीच.

दादाने "स्विच बॉक्स" मागितला होता आणि त्याला स्विच अधिक कन्व्हर्टर मिळाला होता. ही दोन वेगळी कामं. सिग्नल कुठून कुठे जायचा ते स्विच ठरवतो. त्याचं रूप बदलतो तो कन्व्हर्टर. एका स्वस्त डब्यात दोन्ही आले की कन्व्हर्टरही हलकाच येतो, आणि ते पडद्यावर दिसतं.

कागद

मी आत्याकडून कॅलेंडरचं मागचं पान मागून घेतलं. डाव्या बाजूला मशीन, उजव्या बाजूला टीव्ही, आणि मध्ये कुठून काय बाहेर पडतं ते. गिऱ्हाइकाकडे कॅमेरे लावतानाही मी हेच करतो. किती पोर्टचा डबा घ्यायचा हा प्रश्न या कागदाच्या नंतर येतो, आणि बहुतेक लोक सुरुवात त्यानेच करतात.

कॅसेटवाल्याकडे पिवळी पिन आणि आवाजाची एकच पिन. मेगा ड्राइव्हच्या मागे नऊ पिनांचं गोल सॉकेट. त्यातून कंपोझिट म्हणजे पिवळं निघतंच, शिवाय आरजीबीही निघतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून. प्लेस्टेशन २ मधून कंपोनंट निघतं, म्हणजे हिरवी-निळी-लाल पिन. वी मधूनही कंपोनंट, आणि तेही ४८०पी, म्हणजे ४८० ओळींचं पूर्ण चित्र एकाच हप्त्यात. पहिल्या प्लेस्टेशनवर मी काट मारली. त्याच्या जवळजवळ सगळ्या डिस्क प्लेस्टेशन २ वर चालतात, मग त्याला पोर्ट कशाला द्यायचं? पुतण्या हिरमुसला. ते मशीन शोकेसमध्ये राहील असं ठरलं.

हा निर्णय मी जरा घाईत घेतला होता. पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क प्लेस्टेशन २ मध्ये घातली की कंपोनंटमधूनही २४०पी च निघतं, आणि ते एलईडीने स्वीकारलंच नाही. पडदा काळा आणि "सिग्नल नाही". बरेच नवे टीव्ही कंपोनंटवर २४०पी घेत नाहीत, हे मला माहीत होतं. कागदावर लिहायचं राहून गेलं. प्लेस्टेशन २ चे स्वतःचे गेम मात्र त्याच वायरीवर झकास. म्हणजे एकाच मशीनला डिस्क बदलली की टीव्ही बदलायला हवा.

इथे डबा टीव्ही भिंतीपासून ओढला. २००६ चा फ्लॅट ट्यूबवाला, वजन इतकं की दादा आणि मी दोघं लागलो. मागे धुळीचा पापुद्रा. फडकं फिरवलं तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांच्या शेजारी आणखी तीन भोकं: हिरवं, निळं, लाल. वर "डीव्हीडी" लिहिलेलं. सतरा-अठरा वर्षं त्या घरात तो टीव्ही होता आणि ती भोकं कोणी वापरली नव्हती. त्या काळच्या बऱ्याच फ्लॅट टीव्हींना ती होती, डीव्हीडी प्लेयरसाठी. १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा हजार ओळींचा, कंपोनंट सिग्नल त्यांना चालतो, मग तो ४८०आय (४८० ओळी दोन हप्त्यांत) असो की २४०पी. ४८०पी चालत नाही, कारण त्याचा वेग दुप्पट, साधारण ३१ किलोहर्ट्झ.

प्लेस्टेशन २ तिथे लावून पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घातली आणि दादा सोफ्यावरून उठून जवळ येऊन बसला. पिवळ्या वायरीवर रंग एकमेकांत ओघळतात, कारण रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात. कंपोनंटमध्ये उजेड हिरव्या पिनेत वेगळा आणि रंगाचा फरक दुसऱ्या दोघींत. रंग पालचा की एनटीएससीचा (जपान-अमेरिकेची पद्धत) हा कटकटीचा प्रश्नही तिथे उरत नाही, कारण रंग वाहून नेणारी वेगळी लहरच त्यात नसते. वहिनीही दारात येऊन बघून गेल्या. भंगाराचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

एक बारीक गोष्ट, नाहीतर नवी वायर खराब आहे म्हणून परत कराल. प्लेस्टेशन २ मध्ये कंपोनंट आणि आरजीबी त्याच पिनांतून निघतात आणि कोणतं काढायचं ते सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये ठरतं. तिथे आरजीबी असेल तर कंपोनंट वायरीवर पिक्चर धरत नाही, आणि पिक्चर नसेल तर मेनू दिसणार कसा? आधी पिवळ्या वायरीने सुरू करून सेटिंग बदलायचं, मग वायर बदलायची.

कोणता डबा

आता निवड. माझ्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली वाट मला मनापासून आवडणारी, आणि मीच ती बंद केली. मेगा ड्राइव्हचं आरजीबी काढायचं, स्कार्टच्या वायरी मागवायच्या, आठ इनपुटचा ऑटोमॅटिक स्कार्ट स्विच घ्यायचा आणि पुढे चांगला स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करून देणारं यंत्र) लावून सगळं एलईडीवर न्यायचं. स्कार्ट म्हणजे युरोपातलं २१ पिनांचं जाडजूड सॉकेट; आपल्याकडे टीव्हीवर ते रुळलंच नाही, त्यामुळे एकेक वायर बाहेरून मागवायची. त्यातही जपानी आणि युरोपीय वायरींची सॉकेटं दिसायला सारखी आणि पिनांची मांडणी वेगळी. अदलाबदल झाली तर मशीनला धोका. रेट्रोटिंक ४के हा स्केलर २०२३ च्या अखेरीस ७५० डॉलरला आला, वर कस्टम. दादाला आकडा सांगितला तेव्हा त्याने विचारलं, "यात बंदूक चालेल का?" नाही चालणार. विषय संपला.

शिवाय मेगा ड्राइव्हला आरजीबी न देण्यात सगळं नुकसानच आहे असंही नाही. मेगा ड्राइव्हवरच्या १९९१ च्या सॉनिकमधला (तो पळणारा निळा) धबधबा उभ्या रेघांनी काढलाय, एक रेघ पाण्याची, एक मोकळी. आरजीबीवर त्या रेघा रेघाच दिसतात. पिवळ्या वायरीचा ओघळ त्यांना मिसळून टाकतो आणि पाण्यातून मागचं दिसतं. बनवणाऱ्यांनी घरोघरचा टीव्ही धरूनच तो काढला असावा, असं मला तरी वाटतं.

दुसरी वाट, वीज लागणारा डबा. आत ॲम्प्लिफायरचा आयसी, कोणतं मशीन चालू झालं ते आपोआप ओळखतो, रिमोटही मिळतो. जे मशीन निवडलेलं नाही ते नीट तोडलेलं राहतं. हा डबा वाईट नाही, पण त्याचा ॲडॉप्टर हलका असेल तर त्याची घरघर पिक्चरमध्ये उतरते.

तिसरी वाट, खटकेवाला. आत काही नाही, पत्र्याच्या पट्ट्या आणि चार बटणं. एक दाबलं की दुसरं वर येतं. मी हा घेतला, आणि स्वस्ताईपेक्षा महत्त्वाचं कारण वेगळं होतं. आत नुसती तार असल्यामुळे सिग्नल दोन्ही दिशांनी जातो. आयसीवाल्यात इनपुट ते इनपुट आणि आउटपुट ते आउटपुट. खटकेवाल्यात नावं फक्त झाकणावर.

म्हणून प्लेस्टेशन २ ची वायर मी डब्याच्या आउटपुटमध्ये घातली. इनपुट १ मधून वायर डबा टीव्हीच्या त्या विसरलेल्या भोकांत, इनपुट २ मधून एलईडीच्या कंपोनंटमध्ये. बटण आता मशीन निवडत नाही, टीव्ही निवडतं. जुनी डिस्क, एक नंबर. नवी डिस्क, दोन नंबर. हिरव्या भोकाला मी आधी नवा टाका मारला होता, आणि आता तिथली वायर कायमची.

कॅसेटवाला आणि मेगा ड्राइव्ह यांच्यासाठी दुसरा, साधा पिवळ्या-पांढऱ्या-लालचा खटकेवाला डबा, सरळ लावलेला, डबा टीव्हीच्या पुढच्या एव्हीत. बंदूक इथेच. वी ला डब्यात घातलंच नाही. त्याच्या मागे बसणारा बोटाएवढा एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो. ४८०पी आधीच पूर्ण चित्र असल्यामुळे तिथे विणकामाचा गोंधळ होत नाही. तो एलईडीच्या दुसऱ्या एचडीएमआयवर. पहिल्यावर आत्याचा सेट-टॉप बॉक्स होता तिथेच. (वी अमेरिकेचा, त्याचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा. पुतण्या तो तसाच बोर्डात लावायला निघाला होता. १२ व्होल्ट ३.७ अँपिअरचा २३० वर चालणारा मागवला.)

डबा ताब्यात घेताना मल्टिमीटर लावून बघा. बटण दाबायचं, आत-बाहेरच्या दोन भोकांच्या मधल्या टोकांना काड्या लावायच्या, बीप आली पाहिजे आणि ओहम जवळजवळ शून्य. कंपोनंटच्या डब्यात हे तिन्ही रंगांना करायचं. पहिल्या डब्यात निळ्याला बीपच नव्हती. तो तिथल्या तिथे बदलून घेतला.

वायरींबद्दल फार डोकं खाऊ नये. दीड मीटरला सोन्याच्या पिना लागत नाहीत.

चढणारा पट्टा

सगळं लावलं, फोटो काढले, आणि डबा टीव्हीवर एक फिकट आडवा पट्टा खालून वर सरकायला लागला. मंद, एखादा ढग सरकावा तसा. प्लेस्टेशनचा ६० हर्ट्झचा गेम लावला की तोच पट्टा फडफडायला लागायचा.

या फरकानेच चोर सापडला. घरातली वीज ५० हर्ट्झ. गेमही ५० हर्ट्झचा असेल तर दोघांची लय जवळजवळ एक, म्हणून पट्टा रेंगाळतो. ६० चा असेल तर सेकंदाला दहाचा फरक पडतो आणि पट्टा थरथरतो. म्हणजे विजेची घरघर अर्थिंगच्या वाटेने पिक्चरमध्ये येत होती. पण आधी नव्हती, मग आताच कशी?

खटकेवाला डबा मधली तार तोडतो, बाहेरची कडी, म्हणजे अर्थ, तोडत नाही. सगळ्या भोकांच्या कड्या आतून एकच पत्रा. त्यामुळे माझ्या उलट्या डब्याने दोन्ही टीव्हींच्या बॉड्या कायमच्या जोडल्या होत्या, कोणतंही बटण दाबलेलं असो. आणि एलईडीला सेट-टॉप बॉक्स, सेट-टॉप बॉक्सला गल्लीतून आलेली केबलवाल्याची वायर. त्या वायरीच्या टोकाला ओल्या हाताने स्पर्श केल्यावर मुंग्या येतात हे घरोघर माहीत असतं. ती वायर उपसली तर पट्टा गायब. लावली तर हजर.

आत्याची अट मोडल्याशिवाय हे सिद्ध करता येत नव्हतं, आणि वाजले होते सात-दहा. तिने मालिकेतली जाहिरात येईपर्यंत मला थांबवलं. जाहिरात आली, मी वायर काढली, पट्टा गेला, वायर लावली. "झालं?" तिने विचारलं. झालं होतं.

उपाय दोन. सगळी मशीन आणि दोन्ही टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले. त्याने पट्टा निम्म्याने फिकटला. मग केबलच्या वायरीत आयसोलेटर घातला, दोन बोटांएवढी नळी, जी सिग्नल बारीक कपॅसिटरमधून पुढे सोडते आणि कडीचा थेट जोड तोडते. पट्टा संपला. छतावरची डिश असती तर हे इतकं सोपं नव्हतं, कारण डिशला त्याच वायरीतून वीज वर पाठवावी लागते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो.

वीज लागणारा चांगला डबा घेतला असता तर हा त्रास वाचला असता का? कडी त्यातही बहुतेक एकच असते. त्यामुळे त्या निवडीबद्दल मला पस्तावा नाही. दोन टीव्ही जोडायच्या आधी मीटर लावून बघायला हवं होतं, ते मात्र चुकलं.

नंतर

आठवडाभरात फोन. दोन्ही टीव्हीवर एकदम पिक्चर येतंय, पण अंधूक. पुतण्याने उलट्या डब्याची दोन बटणं एकाच वेळी दाबली होती आणि दोन्ही अडकून बसली होती. प्रत्येक टीव्ही सिग्नलला ७५ ओहमचा भार देतो. दोन एकदम लागले की भार निम्मा, साडेसदतीस, आणि सिग्नलची उंची दोन-तृतीयांशावर येते. नुकसान काही नाही. तो म्हणाला, "पण काका, दोन्हीकडे दिसतं ना!" आणि मित्र आले की तो मुद्दाम तसं करतो. मी सोडून दिलं.

कॅसेटवाला आणि मेगा ड्राइव्ह एकाच वेळी चालू ठेवले की एकाची भुताटकी दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये अंधूक हलते. खटकेवाल्या डब्यात पट्ट्या जवळजवळ असतात, हे होणारच. नियम केला: एक बंद करून दुसरं चालू.

श्रावणात प्लेस्टेशनचं पिक्चर एकाएकी हिरवट झालं. लाल रंग गायब, सगळ्यांचे चेहरे आजारी. दादाला वाटलं मशीन गेलं. फोनवरच सांगितलं, ते बटण वीस वेळा दाब आणि सोड. पावसाळ्यात पट्ट्यांवर गंज धरतो आणि लाल पिनेचा संपर्क सुटतो. बाराव्या-तेराव्या वेळेला लाल परत आला. पुढच्या रविवारी जाऊन झाकण उघडलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि पोह्यांना थांबलो.

डब्यांवर आता आत्याच्या अक्षरातल्या पट्ट्या आहेत, औषधाच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेल्या. एका डब्यावर "बदक" आणि "निळा". उलट्या डब्यावर "जुना टीव्ही" आणि "माझा टीव्ही". दुसऱ्या पट्टीखाली बारीक अक्षरात: सात ते नऊ दाबू नये.